अंथरुणाला खिळलेल्या भाविकांची घरभेट पुन्हा सुरू करा : आपल्या धर्मग्रामाला (पॅरिशला) खुले पत्र

प्रति,
प्रमुख धर्मगुरू, सहायक धर्मगुरू आणि धर्मग्राम पालकीय मंडळाचे सर्व सभासद

आदरणीय फादर आणि मंडळातील बंधुभगिनींनो,

ख्रिस्तात सविनय नमस्कार.

रविवारच्या मिस्सेअखेर, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या शेवटी, होणाऱ्या सूचनांमध्ये अलीकडे एक निर्णय वाचून दाखवण्यात आला. आजारी आणि वयोवृद्ध भाविकांना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचे शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर, देण्याची सेवा यापुढे नियमितपणे होणार नाही. मिस्सा आता दररोज ऑनलाइन दाखवली जात असल्यामुळे घरी असलेल्यांनी तिचा लाभ घ्यावा. ज्यांची गरज विशेष असेल त्यांच्या कुटुंबीयांनी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. आणि रुग्णाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार वर्षातून एकदा, ११ फेब्रुवारीला, जागतिक आजारी दिनाच्या मिस्सेत सर्वांना एकत्र दिला जाईल, असा तो निर्णय आहे. त्याच्या पाठोपाठ धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षातील स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि सहभोजन यांची माहिती बरीच सविस्तर दिली गेली आणि लोक घरोघर परतले. ज्यांच्याविषयी ती पहिली सूचना होती त्यांच्यापैकी एकही जण ती ऐकायला चर्चमध्ये नव्हता आणि असणे शक्यही नव्हते.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, त्याचे कारण हेच. मी आधी मिस्सेनंतर थांबून फादरांशी बोलले. नंतर मंडळाच्या चिटणिसांकडे लेखी निवेदन दिले. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. चर्चच्या हिताशी निगडित बाबींवर आपले मत धर्मपालकांना आणि इतर भाविकांनाही कळवण्याचा भाविकांना हक्क आहे, काही वेळा ते त्यांचे कर्तव्यच असते, असे १९८३ च्या कॅनन संहितेचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, २१२ वे कलम सांगते. मात्र हे करताना श्रद्धेला बाध येऊ नये आणि धर्मपालकांविषयीचा आदर राखला जावा, अशी अटही ते घालते. ती अट मला मनापासून मान्य आहे. या पत्रात कोणाच्या हेतूवर शंका घेतलेली नाही. मी एका निर्णयाविषयी बोलत आहे आणि तो निर्णय चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

माझी आई पक्षाघातानंतर अंथरुणावर आहे. तिचे बोलणे जड झाले आहे. घरच्या माणसांनाही पुष्कळदा अंदाजाने समजून घ्यावे लागते. पहिल्या शुक्रवारची तिची तयारी गुरुवारी संध्याकाळपासूनच सुरू व्हायची. उशाजवळच्या टेबलावर पांढरे कापड अंथरलेले तिला दिसायला हवे, त्यावर क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पाण्याचा पेला. कापडाला एखादी सुरकुती राहिली असेल तर ती बोटाने दाखवायची आणि मी पुन्हा इस्त्री करायची. शुक्रवारी फादर आले की आम्ही थोडा वेळ खोलीबाहेर थांबायचो, कारण तेवढ्यात ती आपले पापनिवेदन करत असे. मग फादर छोटी डबी उघडून ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणत आणि ती ‘आमेन’ म्हणत असे. तिला बोलण्याचे व्यायाम शिकवायला ज्या बाई येतात त्यांनीही ते एकदा ऐकले आहे. दिवसभरात तिच्या तोंडून निघणाऱ्या सगळ्या शब्दांत तेवढा एक शब्द स्वच्छ, पूर्ण उमटलेला असायचा. आता त्याच टेबलावर आम्ही मोबाइल टेकवून ठेवतो. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी पडद्यावर रांग पुढे सरकताना दिसते आणि आई सवयीने ओठ उघडते.

हा प्रश्न एकट्या माझ्या आईचा असता तर मी अर्ज भरून दिला असता आणि गप्प राहिले असते. पण आपल्याच धर्मग्रामात आठवड्यातून अनेकदा डायलिसिसला जावे लागणारे एक गृहस्थ आहेत. मुले परगावी असलेले आणि जिना उतरू न शकणारे एक वृद्ध जोडपे आहे. कर्करोगाच्या उपचारांमुळे गर्दीत जाण्यास डॉक्टरांनी मनाई केलेली, ऐन उमेदीतील एक बहीण आहे. आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला क्षणभरही एकटे सोडू न शकणारी एक आई आहे, जी स्वतः आजारी नाही पण तितकीच घरात अडकलेली आहे. यांतल्या कोणालाही मंडळाने हा निर्णय घेण्यापूर्वी काही विचारले नाही.

माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, पडद्यावरची मिस्सा ही ख्रिस्तप्रसादाची जागा घेऊ शकते, असे या निर्णयात गृहीत धरले आहे. ऑनलाइन मिस्सेला माझा विरोध नाही. ती सुरू राहावी, कारण चर्चमधील गायन आणि आपल्या ओळखीचा आवाज घरात ऐकू येणे ही आजारी माणसाला मोठी सोबत असते. परंतु ती पूरक आहे, पर्याय नाही, आणि हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. २००२ साली, मोबाइलवर मिस्सा बघण्याची कल्पनाही नव्हती तेव्हा, सामाजिक संपर्कमाध्यमांविषयीच्या परमधर्मपीठाच्या परिषदेने इंटरनेटवरील आपल्या दस्तऐवजात म्हटले होते की, ख्रिस्तप्रसादातील ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीला आभासी वास्तव हा पर्याय होऊ शकत नाही. महासाथीच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, पोप फ्रान्सिस स्वतःच कॅमेऱ्यासमोर मिस्सा अर्पण करत असताना प्रवचनात म्हणाले होते की, संस्कारांविना आणि प्रत्यक्ष एकत्र येण्याविना असलेली ही जवळीक कठीण काळापुरती आहे, तिच्यातून बाहेर पडायचे आहे. त्याच वर्षी उपासनाविषयक मंडळाच्या प्रमुखांनी जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना पत्र पाठवून प्रक्षेपण हे प्रत्यक्ष सहभागाच्या तोडीचे नसते, असे बजावले. म्हणजे जे साधन आणीबाणीत नाइलाजाने हाती घेतले गेले, ते आपण आणीबाणी सरल्यावर नियम म्हणून ठेवतो आहोत आणि तेही फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना निवड करण्याची सोय नाही. धडधाकट माणसाला रविवारी चर्चमध्ये या म्हणून प्रवचनातून आवर्जून सांगितले जाते. अंथरुणावरच्या माणसाला मात्र पडद्यावर समाधान मानायला सांगितले जाते. हा भेद मला पटत नाही.

ज्यांना मिस्सेला येता येत नाही त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणे ही काही अलीकडची सवलत नव्हे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये संत जस्टिन यांनी सम्राटाला उद्देशून आपल्या श्रद्धेचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन करताना ते सांगतात की, उपस्थितांना ख्रिस्तप्रसाद वाटल्यावर जे गैरहजर असतील त्यांच्याकडे उपयाजक तो घेऊन जातात. छळाचा काळ होता, चर्चच्या इमारती नव्हत्या, आणि तरीही गैरहजर असलेल्यांची आठवण ठेवली जात होती. लहान वयात ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असताना मारला गेलेला संत तार्सिसियस याला आपण वेदीसेवकांचा आश्रयसंत मानतो आणि त्याची कथा मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. ३२५ साली भरलेल्या नायसियाच्या परिषदेच्या १७०० व्या वर्षानिमित्त आपल्या चर्चमध्ये २०२५ साली खास मिस्सा झाली आणि श्रद्धासार मोठ्या अभिमानाने म्हटले गेले. त्याच परिषदेच्या १३ व्या नियमात, मृत्यूच्या दारात असलेल्या कोणालाही अखेरच्या पाथेयापासून, म्हणजे त्या प्रवासासाठीच्या ख्रिस्तप्रसादापासून, वंचित ठेवू नये, हा जुना नियम पाळला जावा, असे म्हटले आहे. श्रद्धासार ज्यांनी दिले त्यांनीच हेही सांगितले आहे.

दुसरी तक्रार अर्जाविषयी आहे. आजारी माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी कार्यालयीन वेळेत येऊन, कारण नमूद करून, सही करून अर्ज द्यायचा आणि मग त्यावर विचार होणार. जे एकटे राहतात त्यांनी अर्ज कोणाकरवी पाठवायचा? ज्यांच्या घरात श्रद्धा पातळ झाली आहे, मुलगा-सून चर्चला येत नाहीत, पण म्हाताऱ्या आईची ओढ मात्र शाबूत आहे, तिच्या वतीने अर्ज कोण भरणार? याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे, असे म्हटले आहे हे खरे. पण बोलावणे आणि अर्ज करणे यांत फरक आहे. कॅनन संहितेच्या ५२९ व्या कलमात तर पुढाकार धर्मगुरूंकडेच दिला आहे. प्रमुख धर्मगुरूंनी आपल्याकडे सोपवलेल्या भाविकांना ओळखण्याचा प्रयत्न करावा, कुटुंबांना भेटी द्याव्यात, आणि आजाऱ्यांना, विशेषतः मृत्यूच्या जवळ पोहोचलेल्यांना, उदार प्रेमाने साहाय्य करावे, संस्कारांनी बळ द्यावे, असे ते कलम सांगते. २१३ व्या कलमात देवशब्द आणि संस्कार धर्मपालकांकडून मिळणे हा भाविकांचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. हक्काची वस्तू अर्ज करून मागावी लागणे, हे ज्यांनी आयुष्यभर या धर्मग्रामाची सेवा केली त्यांना अपमानास्पद वाटते. माझ्या आईने बोलता येत होते तोवर अनेक मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. त्यांतले काही जण आज मंडळावर आहेत.

तिसरी तक्रार रुग्णाभ्यंगाविषयी. जागतिक आजारी दिन पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये जाहीर केला आणि १९९३ पासून लुर्डच्या मातेच्या सणादिवशी, ११ फेब्रुवारीला, तो पाळला जातो. त्या दिवशी एकत्रित संस्कार देणे उत्तमच आहे आणि चर्चच्या कायद्यात त्याला जागा आहे. पण आजार तारीख बघून येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधानात हा संस्कार केवळ शेवटचे श्वास मोजणाऱ्यांसाठी नाही, असे सांगितले. आजारपणामुळे वा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की त्याची योग्य वेळ आलेली असते. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये त्याचा विधी नव्याने सिद्ध केला, आणि प्रकृती अधिक बिघडली तर तो पुन्हा घेता येतो. एवढे सगळे बदल कशासाठी झाले? फादर दारात दिसले की आता सगळे संपले, अशी जी भीती घराघरांत बसली होती ती जावी म्हणून. वर्षातून एकच दिवस ठेवल्याने आपण ती भीती परत आणणार आहोत, कारण उरलेल्या ३६४ दिवसांत फादर घरी आले तर ते फक्त अखेरच्या क्षणीच येतील. शिवाय त्या एका दिवशी चर्चपर्यंत येऊ शकणारे आजारी हे त्यातल्या त्यात बरे असणारे आजारी असतात, हेही लक्षात घ्यावे.

चौथी तक्रार लिहिताना मला जड जाते, पण ती लिहिली पाहिजे. आमच्या शेजारचे एक काका काही महिन्यांपूर्वी रात्री अत्यवस्थ झाले. त्यांच्या पत्नीने चर्चच्या कार्यालयात फोन केला; तो वाजत राहिला, नंतर कार्यालयाची वेळ सांगणारा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू आला. मी आमच्या विभागातील लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांना उठवले, ते धर्मगुरूंच्या निवासापर्यंत गेले, पण फाटकाला कुलूप होते आणि रखवालदाराला कोणालाही आत न सोडण्याच्या सूचना होत्या. पहाटे काका गेले. आम्ही खाटेभोवती उभे राहून जपमाळ म्हटली. देवाची दया आमच्या फाटकांपाशी अडत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि काकूंनाही मी तेच सांगते. पण त्या मला अजून विचारतात की, त्यांनी आयुष्यभर प्रत्येक ‘नमो मरिये’मध्ये ‘आमच्या मरणाच्या वेळी’ अशी विनंती केली, मग त्या वेळी कोणी का आले नाही. अखेरचे पाथेय देण्यास फार विलंब करू नये आणि आजारी माणूस पुरता शुद्धीवर असतानाच ते मिळेल याकडे धर्मगुरूंनी लक्ष ठेवावे, असे कॅनन ९२२ सांगते. फाटकाचे कुलूप हा सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तो मी समजू शकते. रात्री उचलला जाणारा एक फोन असणे मात्र अशक्य नाही.

पाचवी तक्रार आपल्या सामूहिक जीवनाविषयी आहे. महोत्सवी वर्षाची आखणी झाली, त्यात धावण्याच्या शर्यती आहेत, नृत्य आहे, पाककृती आहेत, कुटुंबांची सहल आहे. हे सगळे चांगले आहे आणि तरुणांनी त्यासाठी घेतलेल्या कष्टांचे मला कौतुक आहे. पण सर्व कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या सभागृहात आहेत, जिथे जायला जिन्याशिवाय मार्ग नाही. ज्येष्ठांच्या सत्कारासाठी ज्यांची नावे निवडली गेली त्यांतल्या काहींना तो जिना चढता येत नाही, म्हणून त्यांच्या नातवंडांनी पुष्पगुच्छ स्वीकारावा, असे सुचवण्यात आले. कफर्णहूममध्ये गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा चौघांनी छप्पर उघडून पक्षाघात झालेल्या मित्राला प्रभूसमोर खाली सोडले, हे शुभवर्तमान आपण वाचतो. आपल्याकडे छप्पर उघडण्याची गरज नाही. सत्कार तळमजल्यावर, चर्चच्या अंगणात ठेवला तरी पुरेल.

आता ज्या गोष्टीमुळे हा निर्णय मला केवळ गैरसोयीचा न वाटता नैतिकदृष्ट्या गंभीर वाटतो, तिच्याकडे येते. याच वर्षी आपल्या धर्मग्रामात मानवी जीवनाच्या पावित्र्यावर परिसंवाद झाला. वक्त्यांनी इच्छामरणाच्या कायद्यांविषयी माहिती दिली : नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून त्याला कायद्याने मुभा आहे आणि इतर देशांतही तशी मागणी वाढत आहे. चर्चचा त्याला विरोध का आहे, हे त्यांनी नीट समजावून सांगितले आणि सभागृहाने ते मान्य केले. मीही मान्य करते. परंतु श्रद्धाविषयक मंडळाने २०२० मध्ये याच विषयावर जे पत्र प्रसिद्ध केले ते दयाळू शोमरोन्याचे नाव घेऊन सुरू होते आणि केवळ निषेध करून थांबत नाही. बरे करणे अशक्य झाले तरी काळजी घेणे थांबवता येत नाही, आणि असाध्य आजारी माणसाच्या सोबत राहणाऱ्यांचा समूह त्याच्याभोवती असायला हवा, असे ते आग्रहाने सांगते. खाटेवरची माणसे मरण मागतात तेव्हा पुष्कळदा ती वेदनेपेक्षा एकटेपणाला कंटाळलेली असतात, आपण सर्वांवर ओझे झालो आहोत या भावनेने खचलेली असतात. माझ्या आईनेही ते शब्द उच्चारले आहेत आणि ते मला पहिल्याच वेळी स्पष्ट कळले. अशा माणसाला चर्च सांगते की, तुझे जीवन शेवटच्या श्वासापर्यंत मोलाचे आहे. त्याच माणसाला त्याचे स्वतःचे धर्मग्राम सांगते की, तुझ्याकडे महिन्यातून एकदा यायला आम्हाला वेळ नाही. दोन्ही वाक्ये एकाच व्यासपीठावरून बोलली गेली तर लोक कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवतील? परिसंवादातली शिकवण खरी ठरायची असेल तर ती जिने चढून खाटेपर्यंत पोहोचली पाहिजे.

पोप फ्रान्सिस टाकून देण्याच्या संस्कृतीविषयी वारंवार बोलत असत, आणि आजी-आजोबा व वृद्धांसाठीचा जागतिक दिवस त्यांनी २०२१ मध्ये सुरू केला. निधनाच्या अवघे काही दिवस आधी, ६ एप्रिल २०२५ रोजी, आजाऱ्यांच्या ज्युबिलीच्या मिस्सेअखेर ते स्वतः चाकाच्या खुर्चीत, नाकात प्राणवायूची नळी असताना, संत पेत्राच्या चौकात लोकांसमोर आले. त्यांच्याकडून एवढी अपेक्षा कोणी केली नव्हती. आजारी माणूस चर्चच्या मध्यभागी असतो, कडेला नाही, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

निर्णयामागे जी कारणे मला तोंडी सांगण्यात आली त्यांचाही विचार मी केला आहे. धर्मगुरूंवर भार फार आहे, हे पहिले कारण. ते खरे आहे. मिस्सा, अंत्यविधी, विवाह, शाळा, बैठका आणि आता महोत्सव, हे सगळे दोन माणसांच्या खांद्यावर आहे, आणि फादर, आपण दमलेले आम्हाला दिसता. पण यावरचा उपाय चर्चने १९७३ सालीच काढून ठेवला आहे. योग्य प्रशिक्षण घेतलेल्या प्रापंचिक स्त्री-पुरुषांना ख्रिस्तप्रसादाचे असाधारण सेवक म्हणून नेमता येते आणि आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेणे हे त्यांचे एक मुख्य काम आहे. आपल्याकडे असे सेवक आहेतच. रविवारी ते वेदीपाशी रांगा लवकर संपाव्यात म्हणून उभे असतात. त्यांतल्या निम्म्यांना मिस्सेच्या शेवटी सर्वांसमोर आशीर्वाद देऊन आजाऱ्यांच्या घरी पाठवले, तर धर्मगुरूंकडे फक्त पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग ही दोन कामे राहतील, जी धर्मगुरूंखेरीज कोणालाच करता येत नाहीत. दुसरे कारण संसर्गाचे. ज्यांच्याबाबत तशी भीती आहे त्यांच्यासाठी मुखपट्टी आणि हातांची स्वच्छता पुरेशी आहे. डॉक्टर आणि परिचारिका रोज त्यांच्याकडे येतातच. ख्रिस्तप्रसादाचा अवमान होऊ नये, हे तिसरे कारण मला नीटसे समजले नाही, कारण इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडाइतका मान त्याला आणखी कुठे मिळतो हे मला ठाऊक नाही.

मंडळाच्या सभासदांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. कॅनन ५३६ नुसार पालकीय मंडळाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते, अंतिम निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा असतो. म्हणून ‘फादरांनी ठरवले’ आणि ‘मंडळाने ठरवले’ अशी जबाबदारीची ढकलाढकल होऊ नये. सल्ला देणाऱ्यांचे काम हेच की जे बैठकीला येऊ शकत नाहीत त्यांची बाजू मांडावी. त्या बैठकीत ती बाजू कोणी मांडली असल्यास मला ते जाणून घ्यायला आवडेल, आणि मी त्यांचे मनापासून आभार मानीन.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिल्या शुक्रवारची घरभेट पुढच्याच महिन्यापासून पुन्हा सुरू करावी आणि त्यासाठी कोणताही अर्ज मागू नये. त्याऐवजी लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांनी घरोघर विचारून, संबंधितांच्या संमतीने, आजारी आणि घरात अडकलेल्या भाविकांची यादी तयार करावी आणि ती दर तीन महिन्यांनी तपासावी. बिशपांच्या मान्यतेने आणखी सेवक प्रशिक्षित करून रविवारचा ख्रिस्तप्रसाद मिस्सेनंतर थेट घरोघर पाठवावा. जे अहोरात्र आजाऱ्याजवळ बसतात त्यांनाही त्याच वेळी घरी ख्रिस्तप्रसाद द्यावा, आणि अशा काळजीमुळे रविवारची मिस्सा चुकली तर ते पाप नव्हे, हे एकदा प्रवचनातून स्पष्ट सांगावे. कितीतरी स्त्रिया हे ओझे उगाच मनावर घेऊन जगत आहेत. अत्यवस्थ रुग्णांसाठी रात्रंदिवस उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा. एका धर्मग्रामाला ते झेपत नसेल तर शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंनी रात्री वाटून घ्याव्यात. रुग्णाभ्यंग ११ फेब्रुवारीला सामूहिकपणे द्यावाच, पण वर्षभर गरजेनुसार घरी आणि इस्पितळातही द्यावा. महोत्सवातील ज्येष्ठांचा सत्कार तळमजल्यावर घ्यावा आणि जे तिथेही येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी मंडळाच्या सभासदांनी स्वतः जावे. तरुणांच्या गटाने आठवड्यातून काही तास आजाऱ्याजवळ बसण्याची पाळी घेतली, म्हणजे घरच्या माणसाला मिस्सेला जाता येईल, तर तो महोत्सवी वर्षातला सर्वांत चांगला कार्यक्रम ठरेल. त्याची जुळवाजुळव करायला मी आणि आमच्या विभागातील आणखी काही जण तयार आहोत.

या पत्राची प्रत मी धर्मप्रांताच्या बिशपांना आदरपूर्वक पाठवत आहे. मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, त्या बैठकीला आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या किमान दोन कुटुंबीयांना बोलवावे, आणि जो काही निर्णय होईल तो कारणांसह रविवारच्या सूचनांमध्ये वाचून दाखवावाच, पण त्याआधी मंडळाच्या सभासदांनी तो यादीतील प्रत्येक घरी जाऊन, आजारी माणसाजवळ बसून सांगावा, ही विनंती.

आपली नम्र,
धर्मग्रामातील एक प्रापंचिक भाविक